सिंगल माल्ट चाखून गुण कसे द्यायचे: खोलीच्या तयारीपासून वहीतल्या आकड्यापर्यंत

परभणीच्या एका मित्राने परवा त्याची वही माझ्यापुढे ठेवली. अठरा सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्क्या), प्रत्येकीपुढे शंभरपैकी गुण, सुवाच्य अक्षरात. सगळ्यांत स्वस्त बाटलीला ७४, सगळ्यांत महागडीला ९४, आणि मधल्या सोळा जवळपास किमतीच्याच क्रमाने लागलेल्या. कसं चाखलंस, असं विचारलं. बाटली समोर, ग्लासात बर्फ, बशीत लसणाचे शेंगदाणे आणि पहिल्या घोटालाच आकडा. माणूस काटेकोर आहे, नाकही चांगलं आहे. चुकला होता तो क्रम. क्रम चुकला की वहीत किंमत, बर्फ आणि लसूण उतरतात.

लातूरला आम्ही सहा जण महिन्यातून एकदा बसतो. खालची पद्धत त्या बैठकांमध्ये चुका करत करत पक्की झाली आहे. पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या.

आधीच सांगतो: महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवाना लागतो. गाडी चालवून घरी जाणाऱ्याने, औषधं चालू असलेल्याने किंवा ज्याने दारू सोडली आहे त्याने या बैठकीत बसू नये, त्याला कुणी आग्रहही करू नये.

१. दिवस, वेळ आणि खोली

आपल्याकडे सगळ्यांत मोठा शत्रू उकाडा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीत असतो, आणि रात्री आठलाही भिंती तापलेल्या असतात. अशा खोलीत ग्लासातलं अल्कोहोल भराभर उडतं, नाकाला झिणझिण्या आणतं आणि त्याच्या मागचे नाजूक वास दबून जातात. मग जी बाटली जानेवारीत फुलांसारखी वाटली तीच मेमध्ये जहाल वाटते. खोली २२ ते २५ अंशांच्या आसपास हवी. हिवाळ्यात हे आपोआप होतं. उन्हाळ्यात एसी नसेल तर बैठक पुढे ढकला.

कूलरवर भागवू नका. वाळ्याच्या ताट्या असोत की लाकडाच्या भुशाच्या, ओल्या झाल्या की त्यांचा वास खोलीभर पसरतो. वाळ्याचा वास सुरेख असतो, पण तो प्रत्येक ग्लासात जाऊन बसतो. कूलर तासभर आधी बंद करून खिडक्या उघडा.

वेळ संध्याकाळी पाचची चांगली. दुपारचं जेवण जिरलेलं असतं आणि दिवाबत्तीची उदबत्ती अजून लागलेली नसते. शेजारच्या घरात फोडणी पडण्याआधी वासाचं काम उरकतं.

तपासणी: बाहेर दोन मिनिटं थांबून खोलीत या आणि दारातच एक लांब श्वास घ्या. कशाचाही वास ओळखता आला (फिनेल, नवा रंग, कापूर, आतल्या खोलीतलं वरण) तर खोली तयार नाही.

२. तोंड आणि हात

त्या दिवशी काळ्या मसाल्याचं कालवण, ठेचा, कच्चा कांदा, लसूण नको. गुटखा, विडी, पान, बडीशेप, पुदिन्याची गोळी नको. अत्तर, सेंट, केसांना वासाचं तेल, गजरा हेही नको. हात साध्या पाण्याने धुवा. साबणाचा वास बोटांवरून ग्लासाच्या काठापर्यंत पोहोचतो.

दोन घोटांच्या मध्ये खायला ज्वारीची भाकरी ठेवा, कालची असली तरी चालेल. आपली भाकरी बिनमिठाची, बिनतेलाची, वासाला शांत. बिस्किटात साखर आणि तूप असतं, ब्रेडला आंबूस चव असते. भाकरीचा तुकडा चावून वर कोमट पाण्याची चूळ भरली की जीभ जितकी साफ होते तितकी मला दुसऱ्या कशाने झालेली दिसली नाही. चखणा सगळे आकडे लिहून झाल्यावर.

सर्दी असेल तर त्या दिवशी गुण देऊ नका. वाढपी व्हा. वाढप्याचं काम पुढे येतंच आहे.

३. ग्लास आणि पाणी

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता हवा, म्हणजे वास तोंडाशी गोळा होतो. ग्लेनकेर्न नावाने मिळणारा ग्लास याच कामाचा आहे. तो नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालतो. रुंद तोंडाचा, जड बुडाचा ग्लास चालत नाही. त्यातून वास चारही बाजूंनी निघून जातो. सगळ्यांचे सगळे ग्लास एकसारखे हवेत.

ग्लास गरम पाण्याने धुवा, उपडे न ठेवता उभे वाळू द्या आणि प्रत्येक रिकामा ग्लास हुंगून बघा. ही पायरी लोक गाळतात, एकदा आम्हीही गाळली होती. ग्लास लोखंडी कपाटात होते आणि त्याच कप्प्यात गरम कपड्यांसाठी डांबर गोळ्या ठेवलेल्या. त्या संध्याकाळी सहापैकी चौघांनी एका माल्टपुढे ‘औषधी, दवाखान्यासारखा वास’ असं लिहिलं. असा वास धुरकट माल्टला येतो, आणि ती माल्ट धुराला शिवलेलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी रिकामे ग्लास हुंगले तेव्हा उलगडा झाला आणि बैठकीचं अख्खं पान खोडावं लागलं.

पाण्याचंही तेच. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यातला खारटपणा व्हिस्कीत स्पष्ट लागतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. आरओचं किंवा सीलबंद बाटलीचं पाणी घ्या आणि वर्षभर एकच प्रकार वापरा.

सावधान: ‘डिस्टिल्ड’ म्हणून बॅटरीच्या दुकानातलं पाणी आणू नका. ते पिण्यासाठी नसतं.

आणखी दोन वस्तू लागतात: औषधाच्या दुकानातून बिनसुईची ५ मिलीची नवी सिरिंज आणि प्रत्येकाला एक पिकदाणी. स्टीलचा उभा पेला पिकदाणीला पुरेसा आहे. चाखून थुंकायला लोक लाजतात, पण ज्यांचा हा व्यवसाय आहे तेही चाखून थुंकतात. तिसऱ्या ग्लासापर्यंत चढायला लागली की चौथ्याला मिळालेले गुण नशेचे असतात.

४. बाटल्या आणि त्यांचा क्रम

एका बैठकीला चार ग्लास, प्रत्येकात १५ मिली. म्हणजे सगळं गिळलं तरी माणशी ६० मिली. पाचवा ग्लास नको, नाक थकतं. ७५० मिलीच्या बाटलीत असे पन्नास ग्लास निघतात, त्यामुळे सहा जणांनी वर्गणी काढली तर महागडी बाटलीही आवाक्यात येते.

चारपैकी एक बाटली कायमची. तिला आम्ही ‘खुंटी’ म्हणतो. सहज मिळणारी, सगळ्यांच्या ओळखीची, मध्यम स्वभावाची: स्कॉटलंडच्या ग्लेनलिवेट १२ किंवा ग्लेनफिडिक १२ सारखी (१२ म्हणजे मुरण्याची वर्षं). ती प्रत्येक बैठकीत असते आणि तिचं काम गुणांच्या पायरीला कळेल.

क्रमाचे नियम दोन. कमी तीव्रतेकडून (म्हणजे अल्कोहोलच्या कमी टक्क्यांकडून) जास्तीकडे जा. आणि धुरकट व्हिस्की शेवटी, तिची तीव्रता कितीही असो. दोन्ही नियम भांडले तर धुराचा नियम जिंकतो. बार्ली वाळवताना पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींचं वाळवलेलं जळण) जाळलं की धुरातली फिनॉल नावाची वासाची रसायनं दाण्याला चिकटतात, आणि ती नाकातून लवकर जात नाहीत. उदाहरणार्थ ग्लेनलिवेट १२, मग हरियाणाची इंद्री त्रिणी (४६ टक्के), मग बंगळुरूची अमृत फ्यूजन (५० टक्के) आणि शेवटी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची आर्डबेग १० (४६ टक्के). आर्डबेगचं अल्कोहोल फ्यूजनपेक्षा कमी, तरी ती शेवटी. फ्यूजनमध्ये थोडी पीटवर वाळवलेली स्कॉटिश बार्ली असते, म्हणून तीही इंद्रीच्या मागे.

बाटलीची पातळी बघून ठेवा. तळाशी चौथा हिस्सा उरलेली, सहा महिन्यांपूर्वी उघडलेली बाटली आणि आज सील तोडलेली बाटली यांची तुलना रास्त नाही. उघडल्याची तारीख बाटलीच्या मागे चिकटवायची सवय लावा.

५. वाढपी आणि झाकलेल्या बाटल्या

एक जण वाढपी. तो त्या दिवशी चाखत नाही. दुसऱ्या खोलीत तो ग्लास भरतो, बुडाखाली क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या लावतो, प्रत्येक ग्लासावर चहाची बशी झाकतो आणि क्रम लावून आणून ठेवतो. कोणतं अक्षर कोणत्या बाटलीचं हे त्याच्या खिशातल्या कागदावर असतं.

लेबल दिसलं की त्यावरचा ‘१८ वर्षं’ हा आकडा नाकाआधी बोलतो. वय म्हणजे बाटलीत मिसळलेल्या सगळ्यांत कोवळ्या व्हिस्कीचं वय, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. शिवाय स्कॉटलंडमध्ये व्हिस्की ज्या लाकडी पिंपात मुरते त्यातून वर्षाला साधारण २ टक्के उडतं, तर बंगळुरूच्या उष्ण हवेत दहा टक्क्यांच्या घरात. तिथे लाकूड आणि दारू यांची देवाणघेवाण कितीतरी वेगाने होते. भारतीय माल्टला ‘लहान आहे’ म्हणून गुण कापणारे लोक मला भेटतात आणि खरंच वाईट वाटतं. त्यांनी ती झाकून कधी चाखलेलीच नसते.

रंगालाही गुण नाहीत. स्कॉचमध्ये रंग सारखा राखण्यासाठी साधं कॅरमल घालायला परवानगी आहे, त्यामुळे गडद रंगावरून पिंप ओळखता येईलच असं नाही.

तीन-चार बैठकांतून एकदा वाढप्याने कुणाला न सांगता एकच व्हिस्की दोन ग्लासांत द्यावी. त्या जुळ्यांना कुणी ७९ आणि ८८ दिले, तर त्याच्या वहीतल्या नऊ गुणांच्या फरकाला अजून अर्थ आलेला नाही.

६. हुंगणं

इथे घाई करू नका. निम्मं काम इथेच होतं, आणि लोक यावर अर्धं मिनिट घालवतात.

बशी काढा. ग्लास वाइनसारखा गरागरा फिरवू नका. अल्कोहोल उसळून वर येतं. एकदा हळूच तिरका करून सरळ करा. पहिला वास हनुवटीच्या पातळीवरून, दुसरा ओठांपाशी, तिसरा नाकाशी. तोंड किंचित उघडं ठेवा, झोंबणं बरंच कमी होतं. श्वास छोटे घ्या. नाक झोंबलं तर ग्लास खाली ठेवा आणि स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या. कॉफीचे दाणे हुंगू नका, तो आणखी एक वास झाला.

एका ग्लासाला दहा मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत जे सापडतं त्याच्यापेक्षा वेगळं काही आठव्या मिनिटाला सापडतं. दोन्ही लिहा, वेळेसकट.

आता शब्दांचं. बहुतेक वह्यांमध्ये व्हॅनिला, टॉफी, ड्रायफ्रूट एवढेच तीन शब्द फिरत असतात, कारण ते बाटलीच्या खोक्यावर छापलेले असतात. आपल्या नाकाने लहानपणापासून जे साठवलं आहे ते वापरा. मोसंबीची साल दाबली की उडणारा फवारा. आंब्याच्या अढीतला गवताचा आणि पिकत्या फळाचा मिळून येणारा वास. पिकून फुटलेलं सीताफळ. गुऱ्हाळावरची काकवी. खारीक, मनुका, चिंचेचा कोळ. भाजलेली शेंग. कडब्याची गंजी. पहिल्या पावसानंतरची काळी माती. हे शब्द तुमचे असल्यामुळे सहा महिन्यांनी वाचलेत तरी वास आठवतो.

आणि ‘धूर’ एवढंच लिहून थांबू नका. हुरड्याच्या आगटीशी बसलेल्या माणसाला धुरांतले फरक शिकवावे लागत नाहीत. गोवऱ्यांचा धूर वेगळा, कोवळं कणीस भाजताना येणारा गोडसर वास वेगळा, आणि आगटी विझल्यावर गार राखेचा वास आणखी वेगळा. आर्डबेग हुंगताना मला आधी राख येते, मग डांबर, आणि बऱ्याच वेळाने लिंबू. दुसऱ्या एखाद्या आयला माल्टमध्ये जखमेवरच्या आयोडिनसारखा वास पुढे असतो. फरक हा इतक्या बारकाईने लिहायचा.

वास कुठून आला याचा अंदाज बांधायचा तर ढोबळ खुणा अशा: व्हॅनिला आणि खोबरं बहुधा अमेरिकन ओक लाकडाचं, म्हणजे आधी बर्बन (अमेरिकेची मक्याची व्हिस्की) भरलेल्या पिंपाचं. खारीक-मनुका बहुधा शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपाच्या. लवंगेचा वास लाकडातून येतो. लवंगेत असतं ते युजेनॉल ओकमध्येही असतं. केळं आणि नासपती आंबवण्याच्या टप्प्यावर तयार होतात. हा अंदाज वहीत वेगळ्या रकान्यात लिहा, नोंदीत मिसळू नका. ‘शेरीचं पिंप’ हा निष्कर्ष झाला. तुम्हाला आलेला वास खारकेचा होता.

सराव: नाक कच्चं वाटत असेल तर सहा वाट्या घ्या. गूळ, खारीक, मोसंबीची ताजी साल, भाजलेले शेंगदाणे, सुकं खोबरं, लवंग. डोळे बांधून घरच्या कुणाकडून एकेक नाकाखाली धरवून घ्या. रोज स्वयंपाकघरात असलेल्या वस्तू असूनही नाव जिभेवर यायला वेळ लागतो. आठवडाभर रोज पाच मिनिटं करा.

तपासणी: चारही ग्लासांचा वास लिहून होईपर्यंत कुणी घोट घेतलेला नाही ना? आणि कुणी बोललेलं नाही ना? एकाने मोठ्याने ‘आंबा’ म्हटलं की पाचही जणांना आंबा येतो.

७. घोट

पहिला घोट अगदी छोटा, अर्धा चमचा. त्याने तोंडाला फक्त अल्कोहोलची सवय करायची. त्यावर काहीही लिहू नका. वह्यांमध्ये ‘जहाल’, ‘तिखट’ असे शेरे दिसतात ते बहुतेक या पहिल्या घोटाचे असतात.

दुसरा घोट तेवढाच. जिभेवर सगळीकडे फिरवा, दहा-बारा सेकंद धरा, मग गिळा किंवा थुंका. लगेच तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं पुष्कळसं या बाहेर जाणाऱ्या श्वासात सापडतं. गोड, आंबट, खारट, कडू, तुरट यांपैकी काय, दाट की पातळ, हे लिहा.

मग घड्याळ बघा. चव किती वेळ मागे राहते आणि राहते ती चांगली का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन मिनिटं टिकणारा कडवट लाकडी तुरटपणा म्हणजे ‘लांब शेवट’ म्हणून गुण देण्याची गोष्ट नव्हे.

८. पाणी घालणं, मोजून

‘दोन थेंब पाणी’ हा मंत्र सगळे म्हणतात. हिशोब करून बघा. ग्लासात १० मिली उरली आहे, तीव्रता ६० टक्के. वीस थेंबांचं साधारण एक मिली धरलं तर दोन थेंबांनी तीव्रता होते जेमतेम ५९.४. नाकाला कळेल असा फरक हवा तर सिरिंज हवी.

सूत्र सोपं आहे: असलेल्या तीव्रतेला हव्या त्या तीव्रतेने भागा, त्यातून एक वजा करा आणि उरलेल्या मिलीने गुणा. १० मिली, ६० वरून ४५ वर आणायची तर ३.३ मिली पाणी. ५० वरून ४० वर: २.५ मिली. ४६ वरून ४० वर: दीड मिली. ४० टक्क्यांच्या बाटलीत पाणी घालायची बहुधा गरज नसते. मुळातच पातळ केलेली असते, आणखी घातलं की ती मोडते.

पाणी घालून दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा हुंगण्यापासून सुरुवात. पाण्याने उघडणाऱ्या व्हिस्क्या असतात आणि पाण्याने विस्कटणाऱ्याही. काय झालं ते लिहा. पाण्याने ग्लास किंचित गढूळ दिसला तर गुण कापू नका. गार करून गाळलेली नसलेली व्हिस्की ४६ टक्क्यांच्या खाली आली की असं होतं. तो दोष नाही.

बर्फ या बैठकीत नाहीच. गारव्याने वास बसतो आणि जीभ बधिर होते. एरवी घरी निवांत बसून बर्फ घालून प्यायला माझी काही हरकत नाही, त्या वेळी फक्त वही उघडू नका.

९. गुण

आता आकडा. वासाला २५, चवीला २५, शेवटाला (मागे राहणाऱ्या चवीला) २५, समतोलाला २५. अर्धा गुण चालतो, त्याहून बारीक नको.

शंभरचं माप मोकळं सोडलं की प्रत्येकाचं माप वेगळं होतं. कुणी ७० ला वाईट म्हणतो, कुणी चांगलं. म्हणून खुंटी. आमच्यात ठरलं आहे की खुंटीला चारही रकान्यांत २०, म्हणजे ८०. कोणताही ग्लास तिच्यापेक्षा वर की खाली, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. वर असेल तर का, ते एका ओळीत. ओळ सुचत नसेल तर वाढवलेला गुण मागे घ्यायचा.

खुंटी झाकलेली असल्यामुळे ती कोणती ते तुम्हाला माहीत नसतं, आणि हाच तिचा उपयोग. शेवटी चिठ्ठी उघडल्यावर तुम्ही तिला ७७ ते ८३ च्या बाहेर गुण दिलेले निघाले, तर त्या दिवशीचे तुमचे चारही आकडे कंसात टाका. नाक त्या दिवशी जागेवर नव्हतं. आम्हा सहांपैकी प्रत्येकाचे आकडे कधी ना कधी कंसात गेले आहेत.

समतोलाच्या रकान्यात लोक ‘आवडली’ चे गुण टाकतात. समतोल म्हणजे वासाने जे कबूल केलं ते चवीत आलं का, आणि धूर, लाकूड, गोडवा यांतलं एक बाकीच्यांच्या अंगावर चढलं का. आवड वेगळी लिहा: पुन्हा विकत घेईन की नाही, एक शब्द. मला न आवडणाऱ्या दोन माल्टना मी ८६ दिले आहेत आणि ते आकडे मला आजही बरोबर वाटतात.

गटाचा आकडा काढताना सरासरी नको, मधला आकडा घ्या. समजा, वाढपी सोडून सहा जणांनी ६२, ८१, ८२, ८४, ८४, ८५ दिले तर सरासरी ८० च्याही खाली जाते, म्हणजे एका माणसाने पाच जणांना ओढलं. मधल्या दोन आकड्यांवरून ८३ येतात. शेजारी ‘६२ ते ८५’ असंही लिहून ठेवा, आणि ६२ देणाऱ्याला त्याला काय लागलं ते नीट विचारा. गंधकाचा, भिजल्या काडेपेटीसारखा वास काही नाकांना तीव्र जाणवतो आणि काहींना जाणवतच नाही.

सावधान: बाटल्यांची नावं कळल्यावर एकही आकडा बदलायचा नाही. पेन्सिल नको, पेनने लिहा.

१०. चिठ्ठी उघडल्यावर

‘मला या दोन्हींतला फरक डोळे मिटूनही कळतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याच वेळी तपासा. तीन ग्लास, दोन एकसारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. एकदा नुसत्या अंदाजाने जमायची शक्यता तीनात एक असते. सलग चारदा जमलं तर ती ८१ मध्ये एक. दर वेळी ५ मिली पुरतात, आणि थुंकून करा.

अर्ध्याखाली गेलेली बाटली लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहते. नाव, तारीख, तीव्रता लिहा. उभी ठेवा, आडवी केली की अल्कोहोल बूच खातं. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीच्या कपाटात ठेवू नका. मेमध्ये तिथे हात लावून बघा म्हणजे कळेल. आमच्या बाटल्या घरातल्या सगळ्यांत गार जागी, धान्याच्या कोठीमागे, जमिनीवर उभ्या असतात.